रिकामटेकड्यांच्या रेडिओसाठी एक गाऱ्हाणं

गेल्या शुक्रवारी रात्री साडेअकराला रिलीज एकदाचं पार पडलं. काही फुटलं नाही, कुणाचा फोन आला नाही. म्हणजे नक्की काहीतरी चुकलंय, अशा धास्तीतच कॅबमध्ये बसलो. ड्रायव्हरदादांनी एफएम लावलेलं. हिंजवडी ते कोथरूड एवढ्या रस्त्यात एकच गाणं दोन स्टेशनांवर मिळून तीनदा ऐकलं. मधे एक आरजे स्वतःच्याच विनोदावर हसत होता आणि त्याला एकटं वाटू नये म्हणून मागे रेकॉर्डेड हशाही होता. दादा म्हणाले, "बंद करू का?" म्हटलं, राहू द्या. कारण तो उसना हशा ऐकून मला एकदम कट्टा आठवला.

आता कट्टा म्हणजे कुठला, तर दोन्ही. थांबा, सांगतो.

कट्टा हे मालवण तालुक्यातलं एक गाव आहे. कसालहून मालवणला जाताना लागतं. बॅरिस्टर नाथ पै सेवांगणामुळे काही लोकांना नाव माहीत असतं, पण मासे खायला सुसाट निघालेल्या पुण्या-मुंबईच्या गाड्या तिथे फार तर चहापुरत्या थांबतात. आमच्या हॉस्टेलमध्ये एकजण त्या गावचा होता. आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव वापरायची हॉस्टेलमध्ये पद्धत नसते, हे तुम्हाला माहीत आहेच. साताऱ्याचा तो सातारा, बार्शीचा तो बार्शी, तसा हा कट्टा. त्यामुळे "कट्टा कट्ट्यावर बसलाय" हे आमच्याकडे व्याकरणशुद्ध वाक्य होतं.

तर २०१६ चा पावसाळा. आम्ही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. (कॉलेज पुण्यातलं, नाव सांगणार नाही, का ते पुढे कळेल.) हॉस्टेलचं इंटरनेट रात्री बाराला बंद व्हायचं, पण लॅन चालूच असायचं. कट्ट्याने डिपार्टमेंटने मोडीत काढलेला एक डेस्कटॉप कुठूनसा मिळवला, त्यावर उबुंटू चढवलं, आइसकास्ट टाकलं आणि वह्या-पुस्तकांच्या कपाटात ठेवून दिला. अडीचशे रुपयांचा हेडफोन-माइक, त्यावर धुतलेला मोजा (असं तो म्हणायचा). ज्याला ऐकायचंय त्याने व्हीएलसी उघडून पत्ता टाकायचा. बुधवार आणि शनिवार, रात्री साडेबारा ते दीड. झालं रेडिओ स्टेशन. कार्यक्रमाचं नाव इथे लिहिण्यासारखं नव्हतं.

कार्यक्रमात अर्धा वेळ कुणीही न मागितलेली गाणी आणि अर्धा वेळ कुणालाही उपयोग नसलेली बडबड असायची. मेसच्या जेवणाचं कसोटी सामन्याच्या थाटात धावतं समालोचन. मराठी सिनेमात कॉम्प्युटरवर टाइप करणारा हिरो नेमकं काय टाइप करत असेल, यावर गंभीर चर्चासत्र. ते मी चालवायचो. आणि गाणी! रॉक मशीन, इंडस क्रीड, गोव्याच्या रेमो फर्नांडिसच्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेली खरखरीत गाणी, कुठले कुठले जर्मन आणि नॉर्वेजियन बँड. एकदा कट्ट्याने गावच्या जत्रेत मोबाइलवर रेकॉर्ड केलेला दशावतार लावला. पेटी, पखवाज, झांज आणि मधे संकासुराची एन्ट्री. त्याला जोडून लगेच एक हेवी मेटल. वर निवेदन, "दोन्हीकडे राक्षसच येता, फक्त हेंचो मेकअप बरो आसा." तो विनोद होता हे मान्य. पण त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं, की दशावतारातल्या पखवाजाचा आणि मेटलमधल्या ड्रमचा परिणाम पोटात एकाच जागी होतो. हे कुठल्याही संगीत रसग्रहण वर्गात मला कुणी सांगितलं नसतं.

पण सगळ्यात वर होतं ते गाऱ्हाणं. कोकणात कुठलंही कार्य सुरू करताना मानकरी देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून हुंकार देतात. कट्टा कार्यक्रमाची सुरुवात त्यानेच करायचा.

"बा देवा म्हाराजा! ह्या मेसच्या पाण्यात खंय तरी डाळ गावांदे रे म्हाराजा!"

"जो कोण एम-थ्रीचो पेपर काढता, तेका तोच पेपर सोडवूक बसव रे म्हाराजा!"

आणि खोल्याखोल्यांतून आरोळी उठायची, "व्हय म्हाराजा!" आता गंमत बघा. आइसकास्ट बफर करतं, प्रत्येकाचा व्हीएलसीही आपापला बफर करतो. त्यामुळे कुणाकडे आवाज पाच सेकंद उशिरा, कुणाकडे पंधरा. पहिल्या मजल्यावर "व्हय म्हाराजा" झालं, की मग तिसऱ्यावर, मग पलीकडच्या विंगमध्ये, आणि सगळ्यात शेवटी बाथरूमशेजारच्या खोलीत, जिथली लॅनची वायर उंदराने अर्धी खाल्लेली. असा तो हुंकार लाटेसारखा बिल्डिंगभर फिरायचा. मी पुढे डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स हा विषय शिकलो, त्यात लेटन्सी नावाचं प्रकरण होतं. पुस्तकात ती वाईट गोष्ट आहे असं लिहिलंय. असो.

पहिल्या रात्री स्टेटसच्या पानावर श्रोते होते ४, त्यातले दोघे आम्हीच. दिवाळीनंतर आकडा दीडशेच्या वर गेला. लक्षात घ्या, त्याच सप्टेंबरात जिओ सुरू झालेलं. फुकट फोर-जी प्रत्येकाच्या खिशात होतं, जगातलं वाटेल ते गाणं ऐकता येत होतं. तरी ही पोरं मोज्यातून येणारा आवाज ऐकत जागी राहायची.

चौथ्या मजल्यावर शिलाँगकडचा एक मुलगा राहायचा. वर्षभर शेजारी राहून त्याचं नावसुद्धा आमच्यापैकी कुणाला धड माहीत नव्हतं. एका बुधवारी दाराखालून चिठ्ठी आली, त्यावर सोलमेट या शिलाँगच्या ब्लूज बँडचं नाव होतं आणि सोबत पेन ड्राइव्ह. आम्ही लावलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारापुढे सातआठ जण गाणी कॉपी करून घ्यायला उभे. त्यानंतर तो मेसमध्ये एकटा बसलेला मला कधी दिसला नाही. आम्ही काही समाजकार्य करायला बसलो नव्हतो, आम्ही टाइमपास करत होतो. पण टाइमपासमुळे जे झालं ते कुठल्याही "इंडक्शन प्रोग्रॅम"ने झालं नव्हतं.

जानेवारीत एका गाऱ्हाण्यात मेसच्या कंत्राटाचा उल्लेख आला आणि तो नेमका नको त्या कानांवर गेला. नोटीस लागली : "वसतिगृहात विनापरवाना रेडिओ केंद्र चालवल्याबद्दल". चौकशीत विचारलं, आणखी कोण कोण होतं? कट्टा म्हणाला, मी एकटाच. मी त्याच खोलीत, मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. काहीच बोललो नाही. पुढच्या सेमिस्टरला त्याची हॉस्टेलची खोली गेली. धनकवडीत कॉट बेसिसवर राहायला गेला. मी त्याची बॅग उचलू लागलो. एवढंच केलं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

त्या नोटिशीतला "विनापरवाना" हा शब्द मला कित्येक वर्षं सलत होता. (आमचा आवाज लॅनच्या तारेतून जात होता, हवेतल्या एका हर्ट्झलाही आम्ही धक्का लावला नव्हता. पण हे तेव्हा म्हणायची अक्कल नव्हती आणि हिंमत तर नव्हतीच.) म्हणून नोकरी लागल्यावर परवान्याची भानगड नीट वाचून काढली, आणि वाचून जास्तच वाईट वाटलं. कारण परवाना मिळतो. चांगला धडधडीत मिळतो.

गोष्ट सुरू होते क्रिकेटपासून. १९९३ च्या हीरो कपच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालच्या क्रिकेट संघटनेत भांडण लागलं, ते सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल आला. न्या. पी. बी. सावंत यांच्या त्या निकालाचं सार असं, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यावर सरकारची मक्तेदारी नाही, आणि कुणा शेठचीही नाही. पुढे डिसेंबर २००२ मध्ये सरकारने शिक्षणसंस्थांना स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र काढायची मुभा दिली. १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं, ते देशातलं पहिलं. मग आपल्याकडे पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी आलं १०७.४ वर, मुंबई विद्यापीठाचं मस्ट रेडिओ आलं १०७.८ वर. २००६ मध्ये सामाजिक संस्थांनाही दार उघडलं आणि म्हसवडसारख्या दुष्काळी भागातून माणदेशी तरंग ९०.४ वर बोलू लागलं. आज देशात अशी पाचशेवर केंद्रं आहेत.

तांत्रिकदृष्ट्या हा प्रकार इतका साधा आहे, की आपल्यापैकी कुणालाही मोह व्हावा. प्रभावी शक्ती जास्तीत जास्त १०० वॅट, म्हणजे आजीच्या घरचा एक पिवळा बल्ब. अँटेना जास्तीत जास्त ३० मीटर उंच. एवढ्यात आवाज पाच-दहा किलोमीटर जातो, भूगोल मेहरबान असेल तर थोडा पुढे. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांनी बनवलेले हवेत. बातम्या स्वतःच्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या आहेत तशा लावायच्या. जाहिरातींना तासाला ७ मिनिटं होती, २०२४ च्या नव्या धोरणात १२ झाली.

आणि मग येते कार्यक्रमांच्या विषयांची यादी. विकास, शेती, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, समाजकल्याण, संस्कृती. यादी उत्तम आहे. पण नीट बघा, तिच्यात "हसणं" कुठेच नाही. शोधायचंच म्हटलं तर "संस्कृती"च्या मागे लपवून आत न्यावं लागेल.

या केंद्रांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पीक-पाण्याचा सल्ला, बचत गटाची माहिती, किनाऱ्यावर मच्छीमारांना हवामानाचा इशारा, हे रेडिओचं पहिलं काम आहे आणि तिथे विनोद नको. माझी तक्रार कॉलेजांबद्दल आहे. कॉलेजच्या रेडिओवर साधारण काय ऐकू येतं? "आज आपल्यासोबत आहेत." मग मान्यवर. मग "आपण याविषयी काय सांगाल?" मग मान्यवर सांगतात. प्रश्न विचारणारा पोरगा त्याच दुपारी कट्ट्यावर कसा बोलत असतो ते मी ऐकलंय. तिथे तो माणूस असतो, माइकसमोर परिपत्रक होतो. विद्यार्थ्यांना आवाज दिला असं आपण म्हणतो, पण आवाज त्याचा असतो आणि तोंड कमिटीचं.

"पण विद्यार्थ्यांना मोकळं सोडलं तर ते वाटेल ते बोलतील!" हो, बोलतील. थोडं वाईटही बोलतील. आम्हीही बोललो. त्यातले काही विनोद आज आठवले की मला स्वतःचीच लाज वाटते, विशेषतः मुलींच्या हॉस्टेलवरचे. पण ती लाज मला कुणी नियमावली दाखवून वाटली नाही. एका रात्रीच्या कार्यक्रमानंतर वर्गातल्या एका मुलीने सगळ्यांदेखत विचारलं, "ऐकवलं कुणीतरी. यात हसण्यासारखं काय होतं, समजावून सांगशील?" मी उभ्या उभ्या समजावायला गेलो आणि दुसऱ्या वाक्याला अडकलो. बोलण्याची जबाबदारी बोलूनच कळते.

शिवाय "हे दर्जेदार नाही" म्हणणाऱ्यांचा इतिहास फार बरा नाही. आपल्याच देशातली दोन उदाहरणं देतो.

पहिलं, पेटीचं. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. परदेशी वाद्य, मींड काढता येत नाही, श्रुती सापडत नाहीत वगैरे कारणं. ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. तीस वर्षं! त्या तीस वर्षांत आमच्या दोस्ताच्या गावच्या दशावताराने आणि सगळ्या महाराष्ट्रातल्या भजनी मंडळांनी पेटी सोडली का? सोडली नाही. फक्त रेडिओ त्यांच्यापासून लांब राहिला.

दुसरं, डॉ. बा. वि. केसकरांचं. आडनावावरून कळलंच असेल, आपला माणूस. १९५२ ते १९६२ माहिती आणि नभोवाणी मंत्री. स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार, हेतू शंभर टक्के शुद्ध. त्यांनी आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला कात्री लावली. परिणाम काय? ३ डिसेंबर १९५२ ला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि दर बुधवारी सगळा देश समुद्रापलीकडचं स्टेशन लावून बसू लागला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. ज्याला तेव्हा हलकंफुलकं म्हणून बाहेर काढलं, तेच आज आपण "सुवर्णकाळ" म्हणून डोळे मिटून ऐकतो.

बरं, तरुणांना रेडिओवर जागा द्यावी ही कल्पना सरकारला सुचली नव्हती असंही नाही. २१ जुलै १९६९ ला आकाशवाणी दिल्लीने युववाणी सुरू केली. (भारतीय वेळेनुसार त्याच दिवशी सकाळी माणसाने चंद्रावर पाऊल ठेवलं. काय दिवस असेल!) पुढे ती आपल्याकडच्या केंद्रांवरही आली. कित्येकांनी पहिल्यांदा माइक तिथेच पाहिला. आणि त्याच्याही आधी, १९४२ च्या ऑगस्टमध्ये, मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवत होते. जागा बदलत, पोलिसांना चुकवत. १२ नोव्हेंबरला पकडले गेले. शिक्षा चार वर्षांची. आमच्या मोज्यातल्या रेडिओची त्याच्याशी तुलना करण्याइतका मी निर्लज्ज नाही. पण एवढं नक्की म्हणेन, की आपल्या इथे तरुण पोरांनी चालवलेला सगळ्यात मोठा रेडिओ कुठल्याही कमिटीने मंजूर केलेला नव्हता.

बाहेर जरा वेगळं घडलं. अमेरिकेत कॉलेजांच्या स्टेशनांवर रात्री-अपरात्री पोरं हवी ती रेकॉर्ड लावत बसायची, त्यातूनच १९८० च्या दशकात आर.ई.एम.सारखे बँड वर आले. ज्या संगीताला आपण आज "ऑल्टरनेटिव्ह" म्हणतो त्याला तेव्हा सरळ "कॉलेज रॉक" म्हणत. इंग्लंडात जॉन पील हा बीबीसीवर १९६७ पासून २००४ साली मरेपर्यंत कुणीही न ऐकलेले बँड लावत राहिला. कधीकधी रेकॉर्ड चुकीच्या स्पीडवर लागायची, तेही तो सांगून टाकायचा. आणि एमआयटीचा किस्सा तर आपल्या बिरादरीतल्या प्रत्येकाला पाठ हवा. तिथल्या विद्यार्थ्यांच्या स्टेशनची अक्षरं होती डब्ल्यूटीबीएस. टेड टर्नर या माध्यमसम्राटाला आपल्या टीव्ही चॅनेलसाठी नेमकी तीच हवी होती. १९७९ मध्ये पोरांनी ती सोडली आणि त्या बदल्यात दोन हप्त्यांत ५०,००० डॉलर देणगी घेऊन नवा ट्रान्समीटर बसवला. नवं नाव ठेवलं डब्ल्यूएमबीआर, म्हणजे आपल्या तळघराचंच नाव : वॉकर मेमोरियल बेसमेंट रेडिओ. याच एमआयटीत शिकलेले दोन भाऊ, टॉम आणि रे मॅग्लिओझी, यांनी १९७७ पासून बोस्टनच्या एका विद्यापीठाच्या स्टेशनवर गाडीदुरुस्तीचा कार्यक्रम केला. कार्बोरेटरवर बोलता बोलता गडगडाटी हसायचे. पुढे तो अख्ख्या अमेरिकेत गेला आणि २०१२ पर्यंत चालला. इंजिनिअर विनोदी असू शकतात याचा हा लेखी पुरावा, घरी दाखवायला ठेवा. :-)

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, हे सगळं ठीक, पण आता रेडिओ ऐकतो कोण? गाण्यांची अ‍ॅप आहेत, पॉडकास्ट आहेत. विनोद हवा तर २०१६ पासून भाडिपा आहे. नवं संगीत हवं तर ते मोबाइलवरच उगवतं. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस या जोडीचं "तांबडी चामडी" जगभर वाजलं, त्याला कुठल्या कॉलेज रेडिओची गरज लागली नाही.

मान्य. मी स्वतः पगार घेतो तो असल्याच एका शिफारस-यंत्रणेवर काम करून. म्हणून आतल्या माणसाच्या अधिकाराने सांगतो, की आमचा कोड तुम्हाला काय आवडेल ते ओळखतो, आणि बऱ्यापैकी ओळखतो. पण तो तुमच्यासारख्या लोकांच्या आवडीवरून ओळखतो. शिलाँगच्या मुलाची चिठ्ठी तो बार्शीच्या मुलाच्या दाराखालून सरकवणार नाही, कारण आकडेवारीत तसं काही कारणच दिसत नाही. दशावतारानंतर मेटल लावावं हे त्याला सुचलंच, तर आम्ही तो बग म्हणून नोंदवू. आणि समजा सुचलंही, तरी तो ते तुमच्या एकट्याच्या कानात लावेल. पलीकडच्या विंगमधून "व्हय म्हाराजा" येणार नाही.

मुद्दा गाणी मिळण्याचा कधी नव्हताच. एकाच वेळी, एकाच इमारतीत, एकाच फालतू गोष्टीवर दीडशे लोक हसले, हा मुद्दा आहे. आज हॉस्टेलमध्ये जा. दीडशे खोल्या, दीडशे हेडफोन, प्रत्येकजण आपापल्या जागी काहीतरी भारी बघतोय. कुणी आठवडाभर खोलीबाहेर आलं नाही, तर कळायला आठवडाच लागतो.

म्हणून, ज्या कॉलेजांकडे परवाना आणि स्टुडिओ आहे, त्यांच्याकडे माझ्या तीन साध्या मागण्या आहेत.

एक : रात्रीचा एक तास विद्यार्थ्यांना द्या. पूर्वमंजुरीची स्क्रिप्ट मागू नका. नियमांची चौकट एकदा नीट समजावून सांगा, म्हणजे बातम्या नाहीत, कुणाची बदनामी नाही, कुठल्या जातीधर्माला दुखावणं नाही. आणि मग बाहेर जा. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी त्याच तासात, त्याच पोराने माफी मागायची. खोली काढून घ्यायची नाही.

दोन : त्या तासात सिनेमाचं गाणं नको. हे केसकरांसारखं सोवळं नव्हे. सिनेमाचं गाणं लावायचं तर हक्कांचे पैसे मोजावे लागतात आणि ते सगळीकडे वाजतंच. उलट कॉलेजच्या गॅरेजमधला बँड स्वतःहून फाइल आणून देतो. रेमोने १९८४ साली शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर "गोअन क्रेझी" रेकॉर्ड केला आणि स्वतः स्कूटरवरून दुकानांत पोचवला. आजच्या रेमोला निदान स्कूटर लावायला जागा तरी द्या.

तीन : बोली चालू द्या. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, जे तोंडात असेल ते. माइकसमोर आला की पोरगा "प्रमाण" होतो आणि तिथेच विनोद मरतो. मच्छिंद्र कांबळींच्या "वस्त्रहरण"ने मालवणीत हजारो प्रयोग केले, तेव्हा कुणी तळटीप मागितली नव्हती.

गेल्या मे महिन्यात मी कट्ट्याला गेलो होतो, दोन्ही कट्ट्यांना भेटायला. लॉकडाउनमध्ये तो गावी गेला तो परत आलाच नाही. घरूनच काम करतो, लाइट असेल तेव्हा. संध्याकाळी खळ्यात बसलो. त्याने आतून एक हार्ड डिस्क आणली. आमचे सगळे कार्यक्रम त्यात होते, तारीखवार. मला पत्ताच नव्हता. आम्ही ऐकत बसलो. आवाज भयाण आहे, विनोद त्याहून. पण गाऱ्हाण्याच्या मागे, माइकने दाराच्या फटीतून पकडलेला, तो लाटेसारखा फिरत येणारा हुंकार अगदी स्पष्ट आहे. आणि जवळून एक मूर्ख हसण्याचा आवाज येतो, तो माझा.

मग मी नऊ वर्षं पोटात ठेवलेलं बोलून टाकलं. त्या चौकशीचं. तो बराच वेळ सुपारी कातरत बसला आणि म्हणाला, "मेल्या, तू तेव्हा उभो ऱ्हवलो असतस, तर माका दोन खाटी बघूक लागल्यो असत्यो."

मी हसलो. पण हे त्याचं मोठेपण झालं, माझा हिशेब त्याने मिटत नाही. एका पोराला फालतू बोलल्याबद्दल घर सोडावं लागलं आणि दुसरा गंभीर चेहरा करून भिंतीला टेकून उभा राहिला, यात शहाणा कोण ठरला हे मला आजही ठाऊक आहे. हा लेख म्हणजे त्या दिवशी न उचललेला हात आहे, असं समजा. उशिरा आलाय. बफरिंग.

तर शेवटी रीतसर गाऱ्हाणं घालतो, तुम्ही फक्त हुंकार द्या, लेटन्सी चालेल.

बा देवा म्हाराजा! ज्या ज्या कॉलेजात रेडिओचो खांबो उभो आसा, तेच्या खाली रात्रीची चार रिकामटेकडी पोरां बसांदेत रे म्हाराजा! तेंका हसूक सुचांदे आणि चुकलां तर माफी मागूक येवंदे रे म्हाराजा! आणि जो कोण कमिटीत बसता, तेका एकदा तरी त्याच कट्ट्यार बसव रे म्हाराजा!

ता. क. : शुक्रवारच्या रिलीजमध्ये बग निघालाच. सोमवारी सकाळी. माझाच होता, आणि या वेळी मी हात वर केला.